उगवतीची बाल्कनी

निघायच्या आधी गोजराबाईनं दोन्ही पोरांच्या कमरा चाचपल्या. पोरं म्हणजे तिच्या लेखी पोरं. एरवी थोरला हिरामण सेहेचाळिसाचा, धाकटा किशोर एक्केचाळिसाचा, दोघांची पोटं सुटलेली आणि दोघांच्या गळ्यात बोटाएवढ्या जाड साखळ्या. भूगावच्या भर रस्त्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, तिनं त्यांना हात वर करायला लावले. हिरामणच्या पाठीशी खोचलेला चाकू निघाला. किशोरच्या कमरेला काही नव्हतं, पण म्हातारीनं त्याला बूट काढायला लावला आणि मोज्यातून पेचकस निघाला, टोक दगडावर घासून सुईसारखं केलेला.

"गाड्या घरी ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "रिक्षानं जायाचं. मी मधी बसणार."

गाड्यांच्या सीटखाली काय असतं ते तिला ठाऊक होतं. रिक्षा पुलावर आली तसे तिनं चाकू आणि पेचकस दोन्ही नदीत भिरकावले. हिरामण म्हणाला, "तीन हजाराचा व्हता." ती म्हणाली, "गप बस."

या दोघांचं काय सांगावं तुम्हाला. बाप गेणबा गेला आणि वाटणी झाली ती गावच्या रिवाजानं झाली: थोरल्याला उगवतीची बाजू, धाकट्याला मावळतीची. आजे-पणजे असेच वाटत आले, म्हणून कुणी चकार शब्द काढला नाही. पण वर्षाच्या आत उगवतीकडून मोठा रस्ता आला, पाठोपाठ बिल्डर आला आणि हिरामणनं चार बाल्कन्यांचा बंगला बांधला. मावळतीला ओढा. किशोरच्या अर्ध्या जमिनीवरून पूररेषा गेली, म्हणजे तिथं साधं कोंबड्यांचं खुराडं बांधायलाही बंदी. तिथून पेटलं. एका संध्याकाळी किशोरनं हिरामणच्या डाव्या हाताची दोन बोटं कोयत्यानं उडवली. हिरामणनं पट्टी सुकायची वाट पाहिली नाही, त्यानं जेसीबी आणून किशोरच्या व्हरांड्यात घातला. व्हरांड्यात किशोरची बायको पिंकी गहू निवडत बसली होती, तिचा पाय मांडीत मोडला. केसेस झाल्या, मिटवल्या, पुन्हा झाल्या. दोन वर्षं दोघा भावांचं बोलणं बंद होतं, फक्त एकमेकांच्या कुत्र्यांना विष घालणं चालू होतं.

गोजराबाईच्या छातीवर एकच धोंडा होता. दोघांतला एक दुसऱ्याचा जीव घेणार आणि उरलेला जन्मभर तुरुंगात जाणार, म्हणजे एका दिवसात दोन्ही लेकरं हातची जाणार. कोण कुणाला मारतो एवढंच ठरायचं राहिलं होतं. तिला प्रेमबीम काही नको होतं हो. दोघं जिवंत राहावेत, एकमेकांचं तोंड न बघता का होईना, एवढंच तिचं मागणं होतं.

आणि अशात शेजारच्या तुळजाबाईला तिच्या लेकानं समुद्रात बोटीवरून फिरवून आणलं. तुळजाबाई आठ दिवस तेच सांगत होती, जेवण कसं, गादी कशी, नाचगाणी कशी. गोजराबाईच्या कानात मात्र दोनच गोष्टी शिरल्या. बोट एकदा सुटली की चार दिवस कुणाला मनात येईल तेव्हा उतरता येत नाही. आणि चढायच्या आधी सगळ्यांची झडती घेतात.

"कोयता न्हेऊ देत न्हाईत?" गोजराबाईनं विचारलं.

"अगं, माझा अडकित्ता काढून घेतला," तुळजाबाई म्हणाली. "कोयत्याचं काय घिऊन बसलीस."

झालं, म्हातारीनं ठरवलं. चार दिवस, रिकाम्या हातांनी, एका छपराखाली. चार दिवसांत माणूस एकदा तरी भावाला 'मीठ दे' म्हणेल. पोरं ऐकणार नाहीत हेही तिला माहीत होतं, म्हणून तिनं दोघांची शेपटी एकदम पिरगाळली. तिच्या एकटीच्या नावावर अजून चौदा गुंठे होते, रस्त्याला लागून, आणि दोघांचा त्यावर डोळा होता. ती म्हणाली, दोघं माझ्यासंगं बोटीवर चला, न्हाई तर चौदा गुंठे देवळाला देऊन टाकते. मग काय, खोल्या नोंदवायला दोघं रिक्षात बसले.

पौडच्या बाजारात बाबालालचं कापडाचं जुनं दुकान. गोजराबाईनं लग्नाच्या लुगड्यापासून गेणबाच्या कफनापर्यंत सगळं कापड तिथूनच नेलेलं. बाबालालच्या लेकीनं, मेहविशनं, दुकानाचा पुढचा भाग काच लावून वेगळा केला होता आणि तिथं टूरचं ऑफिस थाटलं होतं. एक टेबल, त्यावर जाड काच, काचेखाली समुद्रांची चित्रं. मागं तीच अर्ध्या उंचीची काच, आणि काचेपलीकडं बाबालाल लोखंडी गजानं कापड मोजत बसलेला.

मेहविशनं बोटीचा नकाशा टेबलावर पसरला. एका मजल्यावरच्या सगळ्या खोल्या, लहान लहान चौकोन, प्रत्येकावर नंबर. दोघं भाऊ एकदम पुढं वाकले. जमिनीच्या मोजणीचे नकाशे बघून बघून त्यांची नजर तयार झालेली, कुठला चौकोन मोठा आणि कुठल्याचा कोपरा कापलाय ते त्यांना लांबूनच दिसत होतं.

"आज्जी, खोल्या तीन तऱ्हेच्या," मेहविश म्हणाली. "आतली, म्हणजे खिडकीच नसते. मग खिडकीची. आणि बाल्कनीची."

"आतली दे," गोजराबाई लगेच म्हणाली.

"अंधार असतो तिथं."

"असू दे. कठडा नसतो ना?"

हिरामणच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "माझ्या बंगल्याला चार बाल्कन्या, आन बोटीवर मी बिळात झोपू? पोरी, बाल्कनी लिव माझ्या नावावर."

"मला पन बाल्कनी," किशोर म्हणाला. तो मेहविशकडं बघून बोलत होता, भाऊ तिथं नसल्यासारखा.

गोजराबाईनं पदर तोंडाशी धरला. "कठडा केवढा उंच असतोय?"

"छातीइतका, आज्जी."

"कुनाच्या छातीइतका? तुझ्या का ह्याच्या?"

मेहविशनं हिरामणकडं पाहिलं. सहा फूट दोन इंच, आणि खांदे दाराला घासतील असे. "माझ्या," ती हळूच म्हणाली.

"आन खाली?"

"खाली पाणी. आपला आठवा मजला असेल."

किशोर खुर्चीत मागं रेलून हसला. "आई, कशाला येवढी चौकशी? मला फेकायचं आसंल तर त्याला बोट कशाला पायजे? ताम्हिणीत कडे काय कमी हायेत?"

"ह्याला सांग," हिरामण मेहविशला म्हणाला, "मी फेकीन तवा जागा इचारून फेकणार न्हाई."

मेहविशच्या कपाळावर घाम आला. तिनं आजवर नवी जोडपी बघितली होती, रिटायर झालेले मास्तर बघितले होते, खिडकीवरून रुसणाऱ्या बायका बघितल्या होत्या. हे असलं गिऱ्हाईक तिच्या दारात कधी आलं नव्हतं. वातावरण जरा निवळावं म्हणून तिनं आपल्या माहितीतली सगळ्यात गोड गोष्ट काढली.

"आज्जी, शेजारशेजारच्या बाल्कन्या घेतल्या ना, तर मधला पत्र्याचा पडदा उघडता येतो. बोटीवरचा माणूस चावी लावून उघडून देतो. तीन खोल्या घेतल्या तर एक लांबच लांब ओसरी होते. सगळ्यांनी एकत्र चहा प्यायचा."

गोजराबाईच्या डोळ्यांसमोर ती ओसरी उभी राहिली. एका टोकाला हिरामण, एका टोकाला किशोर, मध्ये ती कपबशा घेऊन. तिला वाटलं, कठड्याचं काय, मी रात्रंदिवस मध्ये बसून राहीन, चार दिवस डोळ्याला डोळा लागू देणार नाही. "तसंच कर," ती म्हणाली. "तीन शेजारीशेजारी. पडदं काढून टाक."

"ह्याच्या शेजारी?" किशोर म्हणाला. "झोपंत गळा दाबंल माझा. मला दुसऱ्या अंगाला दे. मधी आख्खी बोट ऱ्हाऊ दे."

"मला पन तेच पायजे," हिरामण म्हणाला.

दोन वर्षांत दोघांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट. म्हातारीची ओसरी तिथंच मोडली, पण तिनं मनाला समजावलं, बोट तर एकच आहे, जेवायला तरी एका खोलीत येतील. मेहविशनं नकाशावर दोन बोटं ठेवली. एक डावीकडची बाल्कनी, एक उजवीकडची. दोन्ही बोटीच्या मध्यावर, म्हणजे हेलकावे कमी, आणि दोन्हींच्या वर पोहण्याचा तलाव नाही, म्हणजे खुर्च्या ओढल्याचा आवाज नाही. मापं सारखी. कुणाला कमी नाही, जास्त नाही.

"मुंबईतनं निघाली की बोटीचं तोंड कुटं?" हिरामणनं विचारलं.

"दक्षिणेला. लक्षद्वीपला जायचंय ना."

हिरामणनं हवेत हात फिरवून दिशा लावल्या, बांधावर उभं राहून लावतात तशा. "म्हंजी डावीकडं उगवती," तो म्हणाला. "डावीकडची माझी."

अहो, समुद्रात कसली उगवती आणि कसली मावळती. पण बोलून चुकला तो. पलीकडं बाबालालचा गज कापडावर थांबला. किशोर खुर्चीतून सावकाश पुढं आला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्यानं भावाच्या तोंडाकडं पाहिलं.

"पुन्यांदा उगवती तुला?" तो म्हणाला.

आणि गोजराबाई, सांगायलाही लाज वाटते, क्षणभर सुखावली. बोलला, तिच्या मनात आलं. एकमेकांशी बोलले.

"रिवाज हाय," हिरामण म्हणाला. "थोरल्याची उगवती. आपल्या बापानं तशीच घेतली, त्याच्या बापानं तशीच."

"अहो काका, थांबा, भांडू नका," मेहविश घाईघाईनं म्हणाली. "येताना बोट वळते. येताना डावीकडं मावळती येते आणि उजवीकडं उगवती. दोघांनाही दोन्ही मिळतं. निम्मं निम्मं, अगदी बरोबर."

कुणाही शहाण्या माणसाचं भांडण तिथं मिटलं असतं. पण ही शहाण्यांची गोष्ट नाही.

"येतानाचं ऱ्हाऊ दे," हिरामण म्हणाला. "जाताना उगवतीला कोन, त्येवढं लिव."

"येताना म्हंजी ह्यानं बघून झाल्यावर," किशोर म्हणाला. "उष्टी उगवती व्हय? जमिनीत उष्टं खाल्लं म्या. आता समिंदरात पन खाऊ?"

"तुझी लायकी तेवढीच हाय."

हिरामणनं आपला डावा हात, तीन बोटांचा, नकाशाच्या डाव्या अंगावर ठेवला. जमिनीवर खुंटी ठोकावी तसा ठेवला. किशोरनं मेहविशच्या हातातलं बॉलपेन हिसकलं आणि त्या हाताच्या पाठीत घातलं. पेन आरपार जाऊन काचेवर खट् वाजलं.

हिरामण ओरडला नाही. त्यानं पेनासकट हात उचलला, दुसऱ्या हातानं टेबलावरची जाड काच कडेला धरून उपसली आणि किशोरच्या डोक्यात घातली. काच फुटली, किशोरच्या कपाळाची कातडी फाटून भुवईवर लोंबली. तो खुर्चीसकट मागं पडला आणि पडता पडता त्यानं खालून हिरामणच्या पोटात लाथ घातली. मग उठून एकमेकांना भिडले तसे दोघं पार्टिशनच्या काचेवर आदळले. काच दुकानात कोसळली, पाठोपाठ ते दोघं, कापडाच्या ताग्यांवर काच आणि रक्त. दुकानात साडी बघत बसलेल्या दोन बाया चपला टाकून रस्त्यावर पळाल्या. मेहविश भिंतीला चिकटली.

बाबालाल सत्तरीचा माणूस, पण तो धावला. गज हातात तसाच घेऊन दोघांच्या मध्ये शिरला. "अरे गेणबाची पोरं ना तुमी," तो म्हणत होता, तेवढ्यात हिरामणचं कोपर त्याच्या तोंडावर बसलं. त्याचा दात पडला, गज हातातून सुटून फरशीवर खणखणत गेला आणि तो ताग्यांच्या ढिगात बसकण मारून राहिला.

गोजराबाई दोघांच्या भोवती फिरत होती. कधी ह्याचा शर्ट ओढत होती, कधी त्याचा. किशोरनं भावाच्या दंडाचा लचका तोडला आणि थुंकला. हिरामणनं त्याचं डोकं केसांना धरून फरशीवर आपटलं, एकदा, दोनदा. मग तो त्याच्या छातीवर बसला, गुडघ्यांखाली त्याचे दोन्ही हात दाबले आणि दोन्ही हातांनी त्याचा गळा धरला. पेन अजून त्याच्या हातात तसंच रुतलेलं होतं.

"सोड," गोजराबाई म्हणाली.

तो सोडेना. तिनं त्याचे केस ओढले, मूठभर केस तिच्या हातात आले. तिनं त्याचा कान चावला, तोंडात रक्ताची चव आली, तरी त्याला पत्ता नव्हता. त्याची नजर ठिकाणावर नव्हतीच. खाली किशोरचं तोंड आधी लाल झालं, मग जांभळं, मग त्याची जीभ दातांच्या बाहेर आली. त्याचे पाय फरशीवर आपटत होते आणि आपटण्यातला जोर कमी होत चालला होता. गोजराबाईला कळलं, जे व्हायला नको म्हणून ती इतकी वर्षं जागी राहिली ते आत्ता, ह्या मिनिटाला, तिच्या पायापाशी होतंय.

"हिरामन, सोड त्याला. मरंल त्यो."

तिनं गज उचलला. जन्मभर खळ्यावर काठीनं कणसं झोडपलेले ते हात, त्यांना हलकं मारणं ठाऊक नव्हतं. तिनं एकच घाव घातला, कानाच्या मागं.

हिरामणनं मान वळवून तिच्याकडं पाहिलं. "आई?" तो म्हणाला, लहानपणी काही कळलं नाही की म्हणायचा तसं. मग तो आडवा झाला, अर्धा भावाच्या अंगावर, अर्धा फरशीवर.

किशोर खालून सरपटत निघाला. खोकला, ओकला, पुन्हा खोकला. गोजराबाई तोवर हिरामणचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिनं त्याच्या नाकापाशी हात धरला. छातीवर कान ठेवला. परत नाकापाशी धरला. मग तिनं त्याच्या हातातलं पेन हळूच उपसून बाजूला ठेवलं आणि त्याच्या डोळ्यांवर पदर ओढला.

"गेला?" किशोरनं विचारलं.

किशोरच्या रक्तानं भरलेल्या तोंडावर हळूहळू काहीतरी पसरत गेलं, आणि गोजराबाईनं ते ओळखलं, कारण तिनंच त्याला पाजलं-वाढवलं होतं. तो खूश झाला होता. घशातून आवाज निघत नव्हता तरी तो बोलला.

"मला म्हाईत व्हतं, आई. तू माझ्या बाजूची हायेस. पयल्यापासनं माझ्या बाजूची."

गोजराबाईनं मान वर केली. तिच्या पोटातून असा संताप वर आला की तिला वाटलं, हा गज अजून हातापाशी आहे.

"तू खाली व्हतास म्हनून वाचलास," ती म्हणाली. "तू वर असतास तर तुला घातला असता. येवढाच फरक. बाजू-बीजू काय न्हाई."

किशोर ढोपरांवर सरकत सरकत भिंतीशी गेला आणि तिथं बसला.

तेवढ्यात दारात अमोघ आला. हिरामणचा थोरला, बाविशीचा. बापानं त्याला सकाळीच मोटरसायकलवरून पुढं पाठवून नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर बसवलं होतं. बायांची आरडाओरड ऐकून तो धावत आला होता आणि त्याच्या हातात कोयता होता. त्यानं फुटलेली काच बघितली, फरशीवर आडवा पडलेला बाप बघितला आणि मग भिंतीशी बसलेला, रक्तानं माखलेला चुलता.

"काका," तो म्हणाला. आवाज अजिबात चढला नाही, त्याच्या बापाचाही चढत नसे.

गोजराबाईनं हिरामणचं डोकं मांडीवरून फरशीवर ठेवलं, खाली एक तागा सारला आणि गुडघ्यांवर हात देऊन उठली. दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

"त्यानं न्हाई," ती म्हणाली. "म्या."

"आज्जी, बाजूला हो."

"म्या मारलं तुझ्या बापाला. ह्या गजानं. ह्या पोरीला इचार."

अमोघनं मेहविशकडं पाहिलं. मेहविशनं रडत रडत मान हलवली. तरी कोयता खाली येईना. पोरगा म्हातारीच्या खांद्यावरून पलीकडं बघत होता.

"मारायचं तर मला मार," गोजराबाई म्हणाली. "हात जोडून हुबी ऱ्हाते. पन ह्याला मारलंस तर तू पन आत जाशील, मग ह्याची पोरं तुझ्या भावाला धरतील, आन मी कुना-कुनाच्या मधी हुबी ऱ्हाऊ? माझ्यात आता तेवढं बळ न्हाई."

तिच्या मागून, भिंतीच्या कडेनं, किशोरचा घोगरा आवाज आला. "खरं हाय, अमोघ. म्या न्हाई. आईनंच मारला."

एक्केचाळीस वर्षांचा गडी आईच्या लुगड्याआडून बोलत होता. गोजराबाईनं ते ऐकलं, आणि ते तिला लागलं, गजापेक्षा जास्त लागलं. पण तिनं मागं वळून पाहिलं नाही.

"ऐकलंस?" ती नातवाला म्हणाली. "त्यो खरं बोलतुया. त्येच्यावर डूख धरू नगंस."

मग ती पुढं झाली आणि अमोघच्या मुठीतली बोटं एकेक करून सोडवली. करंगळी, तिच्या शेजारचं, मधलं. शेवटी अंगठा. कोयता तिच्या हातात आल्यावर पोरगं खालीच बसलं आणि बापाच्या पायांवर डोकं ठेवून रडायला लागलं.

बाबालाल ताग्यांच्या ढिगातून उठून तोंडाला फडकं लावून उभा होता. गोजराबाईनं कोयता त्याच्या गल्ल्यावर ठेवला.

"बाबालालभाऊ, फोन लावा," ती म्हणाली. "नाव माझं सांगा. मोठ्यानं सांगा, ह्या पोराला ऐकू जाऊ द्या."